शुभवर्तमान कसं वाचावं?

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मागच्या व्याख्यानात आपण पहिल्या शतकातल्या पॅलेस्टाइनची पार्श्वभूमी पाहिली. रोमन सत्ता, यरुशलेमचं मंदिर, गालीलमधली खेडी, कर आणि कर्ज. आज प्रत्यक्ष पुस्तक हातात घ्यायचं. चार शुभवर्तमानं आहेत: मत्तय, मार्क, लूक, योहान. ती वाचायची कशी, हा आजचा विषय.

पण आधी एक सांगतो. मागच्या वेळी काही प्रश्न लिहून आले होते, बहुतेक इतिहासाचे. त्यात एक वेगळा होता. एका ताईंनी लिहिलंय की नवरा अधूनमधून हात उगारतो. घरातल्या मोठ्या माणसांकडे तक्रार केली, तर 'येशूनेच दुसरा गाल पुढे करायला सांगितलंय' असं ऐकवलं जातं. त्या विचारतात, येशू खरंच मला हे सांगतोय का?

उत्तर एका वाक्यात देता येईल, आणि ते 'नाही' असंच आहे. पण तुम्ही माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा असं मला वाटत नाही. पुस्तक उघडून ते उत्तर तुम्हाला स्वतःला दिसलं पाहिजे. म्हणून आज आपण चार-पाच गोष्टी क्रमाने बघू आणि शेवटी त्या ताईंच्या प्रश्नाकडे परत येऊ.

एक खुलासा. समोर श्रद्धावंत ख्रिस्ती आहेत, इतर धर्मांचे आहेत, काही धर्मच न मानणारेही आहेत. मी जे सांगतोय त्यासाठी श्रद्धा लागत नाही आणि श्रद्धा सोडावीही लागत नाही. फक्त लक्ष देऊन वाचण्याची तयारी लागते.

हे पुस्तक आहे तरी काय?

येशूने स्वतः काही लिहून ठेवलेलं नाही. तो बोलायचा ती भाषा अरामी. शुभवर्तमानं लिहिली गेली ती ग्रीकमध्ये, आणि तीही विद्वानांच्या ग्रीकमध्ये नव्हे, बाजारात, बंदरात चालणाऱ्या साध्या ग्रीकमध्ये. म्हणजे येशूचे शब्द आपल्यापर्यंत येतात तेव्हा ते आधीच एकदा भाषांतरित झालेले असतात. मार्कने काही ठिकाणी मूळ अरामी शब्द तसेच ठेवलेत. 'तलिथा कूम', म्हणजे मुली, ऊठ. किंवा 'अब्बा', म्हणजे बाबा. असे शब्द आले की जरा थांबावं. तिथे त्या माणसाचा आवाज अगदी जवळ आल्यासारखा वाटतो.

काळाचं बघा. येशूला क्रूसावर दिलं ते साधारण इसवी सन ३० च्या सुमारास. पंतय पिलात त्या प्रांताचा रोमन अधिकारी होता तो २६ ते ३६ या काळात. मार्कचं शुभवर्तमान सर्वांत जुनं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. ते साधारण ७० च्या आसपासचं. त्याच वर्षी रोमनांनी यरुशलेमचं मंदिर जमीनदोस्त केलं. मत्तय आणि लूक त्यानंतर दहा-वीस वर्षांनी, आणि योहान शतकाच्या शेवटी.

म्हणजे मधली चाळीस वर्षं हे सगळं तोंडी होतं. लोक सांगत होते, लोक ऐकत होते. लिहून झाल्यावरही ते ऐकलंच जात होतं, कारण वाचता येणारे थोडे आणि हस्तलिखितं महाग. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. आपल्याला हे समजायला अवघड नाही. आपल्याकडे पोथी लावतात ती अशीच. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध केलं ते मराठी ओवीत, कारण ते कानांसाठी होतं.

आता तुमच्या हातातल्या बायबलमध्ये अध्याय आहेत, वचनांचे क्रमांक आहेत, मधे मधे ठळक मथळे आहेत. यातलं काहीही मुळात नाही. अध्याय पाडले तेराव्या शतकात. नव्या कराराच्या वचनांना आजचे क्रमांक दिले रोबेर एस्तिएन या मुद्रकाने, १५५१ साली. सोय झाली, पण एक तोटाही झाला. आपण वचनं सुटी करून वाचायला लागलो. एक वचन उचलायचं, भिंतीवर लावायचं, भांडणात दुसऱ्याच्या तोंडावर फेकायचं. त्या ताईंच्या बाबतीत नेमकं हेच झालंय.

म्हणून पहिली गोष्ट: एक शुभवर्तमान एका बैठकीत, सलग वाचा. मार्क घ्या. सगळ्यांत लहान, सोळा अध्याय. दीड-दोन तासांत होतं. क्रमांकांकडे दुर्लक्ष करा. मग तुम्हाला कळेल की मार्क किती घाईत आहे. 'लगेच' हा शब्द त्याच्याकडे सारखा येतो. येशू इथून तिथे, तिथून पलीकडे. आणि शेवटच्या आठवड्याशी आला की तोच लेखक एकदम सावकाश चालायला लागतो. एक दिवस, मग एकेक तास. त्याला काय सांगायचंय ते या वेगावरूनही समजतं.

आणि मार्कचा शेवट बघा. सर्वांत जुन्या, चौथ्या शतकातल्या दोन मोठ्या हस्तलिखितांत हे पुस्तक अचानक थांबतं. स्त्रिया कबरेजवळ जातात, कबर रिकामी दिसते, त्या घाबरून पळतात आणि भीतीने कोणाला काही सांगत नाहीत. संपलं. पुढची वचनं नंतर जोडली गेली, हे आज बहुतेक छापील आवृत्त्यांच्या तळटीपेतही असतं. तो थांबा नंतरच्या लोकांना सहन झाला नाही. पण विचार करा, ऐकणाऱ्या मंडळीत काय झालं असेल? कोणाला सांगितलं नाही, मग आपल्याला कसं कळलं? आता पुढे कोण सांगणार? गोष्ट ऐकणाऱ्यांच्या हातात येते.

चारांचं एक करू नका

दुसरी गोष्ट. शुभवर्तमानं चार आहेत, ती चारच राहू द्या.

दुसऱ्या शतकात तातियान नावाच्या एका विद्वानाने चारही पुस्तकं कापून-जोडून एकच सलग वृत्तांत तयार केला. काम उत्तम होतं. सिरियातल्या मंडळ्यांमध्ये ते पाचव्या शतकापर्यंत वाचलं जात होतं. तरीही शेवटी ते बाजूला ठेवलं गेलं आणि चार वेगळी पुस्तकंच टिकली. त्यांच्यात विसंगती आहेत हे त्या लोकांना दिसत नव्हतं असं समजू नका. त्यांना दिसत होतं. तरी त्यांनी चार ठेवली.

आपण मात्र मनातल्या मनात तातियानचंच काम करत असतो. नाताळची गव्हाणी आठवा. वसईत, गोव्यात, मुंबईत घराघरांत असते. तिच्यात मेंढपाळ असतात, तीन राजे असतात, वर तारा, बाजूला बैल आणि गाढव. आता पुस्तकात बघा. मेंढपाळ आणि गव्हाण फक्त लूकमध्ये. तारा आणि पूर्वेकडचे ज्ञानी लोक फक्त मत्तयात. ते राजे होते असं मत्तय म्हणत नाही, तीन होते असंही म्हणत नाही. भेटी तीन होत्या म्हणून माणसं तीन झाली. बैल आणि गाढव जन्माच्या कथेत कुठेच नाहीत. आणि मार्क, योहान यांच्याकडे जन्मकथाच नाही.

गव्हाणी करू नका असं मी म्हणत नाही, ती सुंदरच असते. पण मत्तयाची गोष्ट ही एका घाबरलेल्या राजाची आणि देश सोडून पळणाऱ्या कुटुंबाची गोष्ट आहे. लूकची गोष्ट ही खानेसुमारीसाठी वणवण करणाऱ्या गरिबांची आणि रात्रपाळी करणाऱ्या गुराख्यांची आहे. दोन्ही एकत्र कालवल्या की दोन्हींची धार जाते.

अजून एक उदाहरण. येशू कोणाला धन्य म्हणतो? मत्तयात तो डोंगरावर बसून बोलतो आणि आत्म्याने दीन असलेल्यांना धन्य म्हणतो. लूकमध्ये तो सपाट जागेवर उभा आहे आणि समोरच्या गरिबांना सरळ 'तुम्ही' म्हणून धन्य म्हणतो. वर लगेच श्रीमंतांना चार कडक शब्द ऐकवतो, ते मत्तयात नाहीत. आता श्रीमंत वाचकाला मत्तय सोयीचा वाटतो. पैसा असूनही मनाने नम्र राहिलो की झालं! आणि चळवळीतल्या माणसाला लूक सोयीचा वाटतो. मी म्हणतो, जो तुम्हाला गैरसोयीचा वाटतो त्याच्यापाशी जरा जास्त वेळ बसा.

लिहिलंय काय आणि आपण वाचतो काय

तिसरी गोष्ट. आपण वाचतो तेव्हा आधी ऐकलेलं बरंच काही पानावर नेऊन ठेवतो.

मरिया मग्दालीया म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं? पश्चात्ताप करणारी वेश्या. सिनेमात तशीच असते, चित्रांत तशीच असते. आता चारही शुभवर्तमानं शोधा. ती वेश्या होती असं कुठेही लिहिलेलं नाही. लूक म्हणतो, तिच्यातून सात भुतं निघाली होती, म्हणजे ती मोठ्या दुखण्यातून बरी झाली होती. आणि आपल्या पदरच्या पैशाने येशूचा खर्च चालवणाऱ्या बायकांमध्ये ती होती. क्रूसाजवळ ती आहे. रिकाम्या कबरेपाशी ती आहे. योहानाच्या कथेत पुन्हा उठलेला येशू सर्वांत आधी तिलाच दिसतो.

मग हे दुसरं चित्र आलं कुठून? लूकच्या सातव्या अध्यायात एक निनावी पापी स्त्री आहे. आठव्या अध्यायाच्या सुरुवातीला मग्दालीयेचं नाव येतं. सहाव्या शतकाच्या शेवटी पोप ग्रेगरी यांनी एका प्रवचनात ही निनावी स्त्री, बेथानीची मरिया आणि मरिया मग्दालीया या तिघींना एक करून टाकलं. पश्चिमेकडच्या चर्चमध्ये ते जवळजवळ चौदाशे वर्षं टिकलं. १९६९ साली कॅथलिक दिनदर्शिका सुधारली तेव्हा कुठे ते बाजूला झालं. एका बाईची बदनामी चौदा शतकं चालली, आणि पुस्तक रोज उघडं होतं.

यातून एक साधी सवय लावून घ्या. वाचताना स्वतःला विचारा: हे इथे लिहिलंय, की मला माहीत आहे असं मला वाटतंय?

कोण कोणाशी बोलतंय?

चौथी गोष्ट, आणि इथे चूक झाली की माणसं मरतात. मी अतिशयोक्ती करत नाही.

येशू यहूदी होता. त्याची आई यहूदी, त्याचे बारा शिष्य यहूदी. तो सभास्थानात जायचा, वल्हांडण पाळायचा, मोशेच्या नियमशास्त्रावर वाद घालायचा. परूश्यांशी त्याचे खटके उडतात, पण ते घरातले खटके आहेत. आपल्याकडे संतांनी कर्मकांडावर आसूड ओढले, म्हणून कोणी म्हणतं का की संत परधर्मीय होते? तसंच हे.

पुढे मात्र ही पुस्तकं अशा लोकांच्या हातात गेली जे यहूदी नव्हते आणि ज्यांच्याकडे सत्ता होती. मग घरातलं भांडण बाहेरच्याने बाहेरच्यावर केलेला आरोप झालं. मत्तयात पिलातापुढे जमलेला जमाव एक भयंकर वाक्य ओरडतो आणि त्या मृत्यूची जबाबदारी स्वतःवर, मुलाबाळांवर घेतो. एका सकाळी एका चौकात जमलेला जमाव तो. पण त्या एका वाक्यावरून युरोपात शतकानुशतकं सगळ्या यहूद्यांना ख्रिस्ताचे मारेकरी ठरवलं गेलं. क्रूसावर चढवण्याची शिक्षा रोमन होती, हुकूम रोमन अधिकाऱ्याचा होता, हे सोयीने विसरलं गेलं. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने अधिकृतपणे सांगितलं की येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सरसकट यहूद्यांवर किंवा आजच्या यहूद्यांवर टाकता येणार नाही. पण तोपर्यंत युरोपात साठ लाख यहूदी मारले गेले होते. त्या संहाराची कारणं अनेक होती, पण ज्या जमिनीत तो द्वेष रुजला ती तयार करण्यात या चुकीच्या वाचनाचाही हात होता.

आपल्या कोकणात बेने इस्राएल, ज्यांना लोक शनवार तेली म्हणायचे, ते शेकडो वर्षं शेजारी म्हणून राहिले. त्यांच्याबद्दल असा द्वेष इथे वाढला नाही. म्हणून आपल्याला हा धोका लांबचा वाटतो. पण नियम सगळीकडे लागू आहे: वाक्य कोणी, कोणाला, कुठे उभं राहून म्हटलं ते बघा. आतून केलेली टीका बाहेरून उचलली की तिचं हत्यार होतं.

दाखला टोचतो कुठे?

पाचवी गोष्ट म्हणजे दाखले. येशूची शिकवण मोठ्या प्रमाणात दाखल्यांमधून आलीय. आणि दाखल्यांचं आपण लहान मुलांच्या तात्पर्यकथा करून टाकतो.

चांगल्या शमरोन्याची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. यरुशलेमहून यरीहोकडे जाणारा रस्ता. साधारण सत्तावीस किलोमीटर, आणि एवढ्या अंतरात हजार मीटर उतार. निर्जन, लुटारूंचा. एकाला लुटून अर्धमेला करून टाकलंय. याजक येतो, बघून पलीकडून जातो. लेवी येतो, तोही जातो. मग एक शमरोनी येतो, जखमा बांधतो, जनावरावर बसवून धर्मशाळेत नेतो आणि दोन दिनार देऊन खर्चाची हमी घेतो.

संत ऑगस्टीनने याचा अर्थ लावताना प्रत्येक वस्तूला एकेक खूण दिली. जखमी माणूस म्हणजे आदाम, शमरोनी म्हणजे ख्रिस्त, धर्मशाळा म्हणजे चर्च. सुंदर आहे, पण त्यात गोष्टीचा काटा बोथट होतो. आज आपण उलटं करतो. अडचणीतल्याला मदत करावी, एवढंच तात्पर्य काढतो. त्यासाठी गोष्ट कशाला हवी?

काटा कुठे आहे ते बघा. ऐकणारे यहूदी. याजक, लेवी यांच्यानंतर तिसरा कोण येईल? त्यांच्या अपेक्षेने साधा इस्राएली माणूस. म्हणजे आपल्यातलाच कोणीतरी. आणि येतो शमरोनी! शमरोनी आणि यहूदी यांचं शेकडो वर्षांचं वैर, मंदिरावरून, वंशावरून. एकमेकांच्या भांड्यातून पाणी न पिण्याइतकं. आता गंमत बघा. प्रश्न विचारणाऱ्या शास्त्र्याने विचारलं होतं की माझा शेजारी कोण? म्हणजे मला कोणाकोणावर प्रेम करावं लागेल, हद्द आखून द्या. येशू प्रश्नच फिरवतो: तिघांपैकी त्या जखमीचा शेजारी कोण झाला? आणि शास्त्री उत्तर देतो, ज्याने दया केली तो. 'शमरोनी' हा शब्द त्याच्या तोंडून निघत नाही.

तर आता तुम्ही स्वतःला रस्त्यावर पडलेल्याच्या जागी ठेवा. शुद्ध हरपत चाललीय. तुमच्याकडे वाकून बघणारा माणूस नेमका कोण असला तर तुम्हाला वाटेल, याच्या हातून मदत नको? तो तुमचा शमरोनी. नाव मोठ्याने सांगू नका, पण स्वतःशी सांगा. दाखला तिथे सुरू होतो.

दुसरा दाखला मत्तयात आहे, द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा. हा कळायला शहरातला मजूर नाका पाहिलेला असला की पुरे. सकाळी सातला डबा घेऊन माणसं उभी असतात. मुकादम येतो, धडधाकट आधी जातात. दुपारी बाराला जे अजून उभे असतात त्यांचे चेहरे आठवा. या गोष्टीतला मालक पहाटे येतो, नऊला येतो, बाराला, तीनला, आणि संध्याकाळी पाचलाही येतो. पाचला उभे असलेल्यांना विचारतो, इथे दिवसभर रिकामे का? ते म्हणतात, कोणी कामाला लावलंच नाही. संध्याकाळी तो सगळ्यांना एकेक दिनार देतो, शेवटी आलेल्यांपासून सुरुवात करून. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. दिवसभर राबलेले कुरकुर करतात.

मी विचारतो, तुम्हाला ही कुरकुर रास्त वाटते की नाही? बहुतेकांना वाटते. मलाही वाटते. दाखला तिथेच टोचतो. पण पाच वाजताच्या माणसाच्या घरी किती तोंडं आहेत? त्यांना भाकरी एक तासाच्या हिशोबाने लागते की एका दिवसाच्या? मालक करार मोडत नाही, पहिल्यांना ठरलेलं देतो. शेवटच्यांना देताना तो कामाचे तास मोजत नाही, त्यांची गरज बघतो. देवाचं राज्य असं आहे, असं येशू म्हणतो. ते गोड आहे की त्रासदायक, ते तुम्ही रांगेत कुठे उभे आहात त्यावर ठरतं.

आता तो गाल

आता ताईंच्या प्रश्नाकडे येऊ. आत्तापर्यंत जे पाहिलं तेच वापरायचं.

वाक्य कुठे आहे? मत्तयाच्या पाचव्या अध्यायात. आसपास काय आहे? डोळ्याबद्दल डोळा हा जुना नियम, म्हणजे सूड किती घ्यावा याचा विषय. पुढची उदाहरणं बघा. कोणी कोर्टात खेचून अंगरखा मागितला तर झगाही दे. कोणी एक मैल वेठीला धरलं तर दोन मैल जा. हे 'वेठ' आपल्याला वेगळं समजवायला नको. रोमन सैनिक कोणाही माणसाला धरून सामान वाहायला लावू शकत. कुरेनेकर शिमोनाला येशूचा क्रूस वाहायला धरलं, तिथेही ग्रीकमध्ये हेच क्रियापद आहे.

मत्तय गालाबद्दल एक तपशील देतो: उजवा गाल. समोरच्याच्या उजव्या गालावर उजव्या हाताने मारायचं तर हात उलटा करूनच मारावा लागतो. असा उलट्या हाताचा फटका हा इजेपेक्षा अपमानासाठी असतो. यहूद्यांच्या मिश्ना या ग्रंथात त्यासाठी साध्या थोबाडीच्या दुप्पट दंड सांगितलाय. अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ वॉल्टर विंक यांनी यावरून असं मांडलं की दुसरा गाल पुढे करणं म्हणजे ताठ उभं राहून सांगणं, की तुझ्या फटक्याने मी खाली गेलो नाही, मारायचं तर बरोबरीचा माणूस समजून मार. सगळे अभ्यासक हा अर्थ मानत नाहीत. काही म्हणतात, सूड घेऊ नका एवढाच सरळ अर्थ आहे. ठीक आहे. दोन्हींपैकी कोणताही अर्थ घ्या. हे वाक्य सूड घेऊ पाहणाऱ्याला उद्देशून आहे. मारणाऱ्याला दिलेला परवाना ते कोणत्याही अर्थाने होत नाही. आणि तिसऱ्याने, ज्याच्या गालावर काही पडलेलं नाही त्याने, मार खाणाऱ्याला ते ऐकवावं, असं तर त्यात कुठेच नाही.

आणि येशूने स्वतः काय केलं? योहानाच्या अठराव्या अध्यायात महायाजकापुढे चौकशी चालू असताना एक शिपाई त्याला चपराक मारतो. येशू दुसरा गाल पुढे करत नाही. तो विचारतो: माझं काही चुकलं असेल तर दाखव, चुकलं नसेल तर मला का मारतोस? तो उलट मारत नाही, पण गप्पही बसत नाही. जाब विचारतो. नासरेथात लोक त्याला कड्यावरून ढकलायला निघतात तेव्हा तो त्यांच्यामधून निघून जातो. शिष्यांना तो सांगतो, एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळा. म्हणजे जाब विचारणं आणि निघून जाणं, दोन्ही त्याच्या वागण्यात आहे.

तेव्हा ताई, उत्तर असं आहे. येशू तुम्हाला मार खात राहायला सांगत नाही. तुम्हाला ते वाक्य ऐकवणाऱ्यांना योहान अठरावा अध्याय वाचायला सांगा. आणि एवढ्यावर थांबू नका. २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा तुमच्या बाजूने आहे, १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे. तिथे फोन करणं हा श्रद्धेचा अभाव नाही.

जाता जाता

शेवटी आपल्याच मातीतलं एक उदाहरण. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडमध्ये होत्या. तिथे त्यांनी समाजाने टाकलेल्या बायकांसाठी भगिनींनी चालवलेलं काम पाहिलं. त्यांनी विचारलं, तुम्ही या बायकांवर एवढी माया का करता? तेव्हा त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली गेली. विहिरीवर भर दुपारी एकटी आलेली बाई. येशू तिच्याकडे पाणी मागतो. पाण्यावरून विटाळ म्हणजे काय, हे ज्यांनी महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ चा सत्याग्रह वाचलाय त्यांना सांगायला नको. तिचे पाच नवरे झाले होते. प्रवचनांत तिला हमखास चवचाल ठरवतात. पण येशू तिला एका शब्दानेही दोष देत नाही. उलट, देवाची उपासना कुठे आणि कशी करावी, या मोठ्या प्रश्नावर तिच्याशी चर्चा करतो. ती घागर तिथेच टाकून गावाला सांगायला धावते.

स्त्रियांना वेदाचा अधिकार नाही, हे ऐकत आलेल्या रमाबाईंना ती गोष्ट कशी लागली असेल, विचार करा. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की त्या गोष्टीने त्यांच्या मनात निर्णय झाला. पुढे केडगावला त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणलं, साध्या बायकांना कळेल अशा भाषेत. ते १९२४ साली, त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, छापून प्रसिद्ध झालं. तोच अध्याय वाचून कोणी बाईला नावं ठेवतं, कोणी बायकांसाठी आयुष्य वेचतं. फरक पडतो तो वाचण्यात.

पुढच्या वेळेसाठी काम एकच. मार्क वाचून या, सलग, शक्य असेल तर घरात कोणाला तरी मोठ्याने ऐकवत. कोणतंही भाषांतर चालेल. फादर दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' मिळालं तर वाचायला सोपं जाईल. वाचताना जिथे अडाल, चिडाल, जिथे 'हे काही पटत नाही' असं वाटेल, तिथे पेन्सिलीने खूण करा. पुढच्या व्याख्यानाची सुरुवात आपण तुमच्या खुणांपासून करू.